विक्षोभानंतरचे जीवसमुदाय : पुनरुत्थान, परिवर्तन आणि आपल्या माळरानांचा प्रश्न

प्रस्तावना :

ज्वालामुखीचा उद्रेक, वणवा, महापूर, दरड कोसळणे, चक्रीवादळ, वृक्षतोड, अतिचराई अशा कारणांनी एखाद्या प्रदेशातील सजीवसृष्टीची घडी विस्कटते. तेथील वनस्पती व प्राणी अंशतः वा पूर्णतः नष्ट होतात, मातीचे स्वरूप पालटते आणि अन्न, प्रकाश, जागा यांची उपलब्धता बदलते. परिस्थितिविज्ञानात या घटनेस 'विक्षोभ' अशी संज्ञा आहे. विक्षोभानंतर त्या जागी नव्या सजीवांचे आगमन होते, काही जुने पुन्हा डोके वर काढतात आणि एका जीवसमुदायाची जागा कालांतराने दुसरा घेतो. या क्रमबद्ध बदलाच्या प्रक्रियेस 'पारिस्थितिकीय अनुक्रमण' असे म्हणतात.

हा विषय वरकरणी वनस्पतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकापुरता मर्यादित वाटतो. परंतु त्याचा संबंध आपल्या नित्याच्या व्यवहाराशी आहे. पदवी स्तरावर पर्यावरण अभ्यास शिकविला जातो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून वृक्षारोपण होते, ग्रामपंचायती गायरानांविषयी निर्णय घेतात. या प्रत्येक ठिकाणी उघड्या दिसणाऱ्या जमिनीकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहतो, हा प्रश्न उपस्थित होतो. उजाड दिसणारी प्रत्येक टेकडी ही नष्ट झालेल्या जंगलाची जागा असते काय? जमीन केवळ राखून ठेवली तर तिच्यावर काय घडते? झाडे लावल्याने निसर्ग पूर्ववत होतो काय? या प्रश्नांची उत्तरे अनुक्रमणाच्या आकलनावर अवलंबून आहेत. विज्ञानेतर शाखांतील प्राध्यापकांनाही हा विषय सुलभपणे कळावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१. विक्षोभ व अनुक्रमण या संकल्पनांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. अनुक्रमणविषयक विचारांत झालेल्या परिवर्तनाचा आढावा घेणे.
३. जगातील दीर्घकाळ अभ्यासल्या गेलेल्या निवडक उदाहरणांचे विवेचन करणे.
४. महाराष्ट्रातील वने व माळराने यांच्या संदर्भात या ज्ञानाची उपयुक्तता तपासणे.

प्रस्तुत लेख द्वितीयक साधनसामग्रीवर आधारित असून त्यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. अनुक्रमणाचे प्रकार :

अनुक्रमणाचे मुख्यतः दोन प्रकार मानले जातात. जेथे पूर्वी माती किंवा सजीवांचा अंश नसतो, उदाहरणार्थ ताजा लाव्हारस, हिमनदी मागे सरल्यानंतर उघडा पडलेला खडक किंवा नव्याने साचलेली वाळू, तेथील अनुक्रमणास 'प्राथमिक अनुक्रमण' म्हणतात. याउलट जेथे माती शिल्लक असते आणि तिच्यात बिया, मुळे, कंद, बुंधे, सूक्ष्मजीव टिकून असतात, तेथील प्रक्रिया 'द्वितीयक अनुक्रमण' होय. पडीक टाकलेले शेत, वणव्यात होरपळलेले रान किंवा तोडलेले जंगल ही दुसऱ्या प्रकाराची उदाहरणे आहेत.

दोन्ही प्रकारांतील मूलभूत भेद वारशाचा आहे. विक्षोभानंतर काय नष्ट झाले यापेक्षा काय उरले, यावर पुढील वाटचालीचा वेग व दिशा ठरते. कोकणात किंवा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जंगल तोडले, तरी अंजनी, जांभूळ यांसारख्या वृक्षांचे बुंधे जमिनीत जिवंत असतील तर पहिल्याच पावसाळ्यात त्यांना फुटवे येतात. मात्र हेच बुंधे खणून काढले, यंत्राने जमीन सपाट केली किंवा माती वाहून गेली, तर त्याच जागी प्रक्रिया जवळजवळ खडकापासून सुरू करावी लागते. दोन्ही ठिकाणी 'वृक्षतोड' हाच शब्द आपण वापरतो. परंतु निसर्गाच्या दृष्टीने त्या दोन भिन्न घटना आहेत.

२. अनुक्रमणविषयक विचारांची वाटचाल :

अमेरिकन विचारवंत हेन्री डेव्हिड थोरो यांनी १८६० मध्ये वनवृक्षांच्या अनुक्रमणावर व्याख्यान देऊन, वारा व प्राणी यांच्याद्वारे होणाऱ्या बीजप्रसाराकडे लक्ष वेधले होते. १८९९ मध्ये हेन्री काउल्स यांनी मिशिगन सरोवराच्या काठावरील वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरोवराच्या काठापासून आत जावे तसतशा अधिकाधिक जुन्या टेकड्या लागतात आणि त्यांच्यावर प्रथम गवत, नंतर झुडपे व शेवटी वृक्ष आढळतात. काळाच्या ओघात होणारा बदल त्यांनी अशा रीतीने अंतराच्या साहाय्याने वाचला.

या निरीक्षणांना सुसंगत सिद्धांताचे रूप फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ मध्ये दिले. त्यांच्या मते वनस्पतिसमुदाय हा एखाद्या सजीवाप्रमाणे जन्मतो, वाढतो व प्रौढ होतो. प्रत्येक हवामानविभागात अनुक्रमणाचा शेवट एका निश्चित व स्थिर अशा 'चरम समुदाया'त होतो. हा विचार आकर्षक असल्याने दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांत प्रमाण मानला गेला. हेन्री ग्लिसन यांनी १९२६ मध्ये त्यास आव्हान दिले. त्यांच्या प्रतिपादनानुसार प्रत्येक जाती आपापल्या गरजेनुसार आणि योगायोगाने एखाद्या स्थळी येते. समुदाय हा अशा स्वतंत्र जातींचा तात्कालिक मेळ होय. आर्थर टॅन्सली यांनी १९३५ मध्ये 'परिसंस्था' ही संज्ञा मांडताना सजीवाच्या उपमेस आक्षेप घेतला आणि सजीव व त्यांचे भौतिक पर्यावरण यांचा एकत्रित विचार करण्यावर भर दिला. ग्लिसन यांच्या मताकडे प्रारंभी दुर्लक्ष झाले, तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक क्षेत्रीय अभ्यासांनी त्यास पुष्टी दिली.

जोसेफ कॉनेल व राल्फ स्लेटियर यांनी १९७७ मध्ये एका समुदायाची जागा दुसरा कसा घेतो, याची तीन प्रतिमाने मांडली. पहिले 'साहाय्या'चे प्रतिमान : आधी आलेल्या जाती माती सुधारून, सावली देऊन पुढच्यांचा मार्ग सुकर करतात. दुसरे 'सहनशीलते'चे : नंतर येणाऱ्या जातींना पूर्वीच्यांच्या मदतीची गरज नसते, कमी प्रकाशात किंवा कमी पोषणात तग धरण्याच्या क्षमतेमुळे त्या सावकाश वाढून वरचढ ठरतात. तिसरे 'अवरोधा'चे : आधी येऊन बसलेल्या जाती इतरांना शिरकाव करू देत नाहीत, त्या मेल्या किंवा हटविल्या गेल्या तरच इतरांना जागा मिळते.

ही तिन्ही प्रतिमाने आपल्या परिसरात पाहावयास मिळतात. चराईच्या माळावर करवंदाच्या काटेरी जाळीत एखाद्या वृक्षाचे रोप गुरांच्या तोंडापासून सुरक्षित राहते व जाळीच्या वर डोके काढते, हे साहाय्य होय. जंगलाच्या दाट सावलीत वर्षानुवर्षे हातभर उंचीवर थांबलेले आणि वरचा वृक्ष कोसळताच झपाट्याने वाढणारे रोपटे सहनशीलतेचे उदाहरण आहे; तर मूळची परदेशी असलेली घाणेरी एकदा दाट माजली की तिच्याखाली देशी रोपांना वाव मिळत नाही, हा अवरोध होय.

३. दीर्घकाळ अभ्यासलेली काही उदाहरणे :

(अ) क्राकाटोआ : जावा व सुमात्रा यांच्या दरम्यान असलेल्या सुंदा सामुद्रधुनीतील क्राकाटोआ बेटावर २६ व २७ ऑगस्ट १८८३ रोजी प्रचंड उद्रेक झाला. बेटाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग नाहीसा झाला आणि प्रामुख्याने त्सुनामीमुळे ३६,००० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. उरलेला राकाटा हा भाग व शेजारची बेटे तप्त राखेच्या जाड थराखाली गाडली गेली. नऊ महिन्यांनी, मे १८८४ मध्ये गेलेल्या अभ्यासकांना तेथे जाळे विणणारा एक सूक्ष्म कोळी तेवढा आढळला. १८८६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मेल्खिओर ट्रॉइब यांना राखेवर नीलहरित शैवालांचा पातळ थर, अनेक प्रकारचे नेचे आणि काही सपुष्प वनस्पती दिसल्या. नेच्यांचे बीजाणू वाऱ्याबरोबर दूरवर जातात, तर किनाऱ्यावरील वनस्पतींच्या बिया समुद्राच्या पाण्यावर तरंगत येतात. पुढे बेटाच्या अंतर्भागात उसाच्या कुळातील उंच रानगवत पसरले. त्यानंतर पक्षी व वटवाघळे यांनी आणलेल्या बियांपासून उंबरवर्गीय वृक्ष वाढले. त्यांच्या फळांनी आणखी पक्षी आकर्षित केले व बीजांची आवक वाढली. सुमारे पन्नास वर्षांत गवताची जागा बहुतांशी वनाने घेतली.

या कथेतील सर्वांत उद्बोधक भाग पुढचा आहे. राकाटा, सेर्तुंग व पांजांग ही बेटे एकमेकांपासून जवळ, एकाच हवामानात आणि एकाच दिवशी उद्ध्वस्त झालेली. तरीही त्यांच्यावरील वनांत प्रबळ ठरलेल्या वृक्षजाती भिन्न आहेत. कोणते बीज प्रथम पोहोचले, याचा त्यात वाटा आहे. त्याचप्रमाणे १९२७ मध्ये समुद्रातून वर आलेल्या 'अनाक क्राकाटोआ' या नव्या ज्वालामुखीची राख सेर्तुंग व पांजांग यांच्यावर वारंवार पडली, राकाटा मात्र बव्हंशी वाचले. समान हवामान समान चरम समुदायच घडविते, हे क्लेमेंट्स यांचे गृहीतक येथे टिकत नाही.

तसेच १८८३ मध्ये बेटावरील सर्व जीव खरोखरच नष्ट झाले होते काय, असा प्रश्न सी. ए. बॅकर यांनी १९२९ मध्ये उपस्थित केला होता. काय उरले होते याची नोंद नसेल, तर पुनरुत्थानाचे मोजमापही संशयास्पद ठरते, हा त्यातील पद्धतिशास्त्रीय धडा आजही महत्त्वाचा आहे.

(आ) सुर्टसे : वरील त्रुटी टाळता येईल अशी संधी आइसलँडच्या दक्षिणेस मिळाली. नोव्हेंबर १९६३ मध्ये तेथे समुद्राच्या तळाशी उद्रेक होऊन सुर्टसे हे बेट जन्मास आले. उद्रेक जून १९६७ पर्यंत चालू होता. बेटास लवकरच संरक्षण देऊन केवळ संशोधकांना प्रवेश ठेवण्यात आला आणि २००८ मध्ये युनेस्कोने त्यास जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. १९६५ मध्ये तेथे पहिली सपुष्प वनस्पती आढळली. तथापि पुढील दोन दशके वनस्पतींची प्रगती मंद होती. १९८० च्या दशकाच्या मध्यास कुरव पक्ष्यांची वसाहत वाढली. त्यांच्या विष्ठेतून लाव्हाच्या भूमीस नायट्रोजन मिळाला, बियाही आल्या आणि वसाहतीच्या परिसरात हिरवळ दाटली. प्राणी हे वनस्पतींच्या पाठोपाठ येणारे केवळ उपभोक्ते नसून अनुक्रमणास गती देणारे घटक आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

(इ) माउंट सेंट हेलेन्स : अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील या ज्वालामुखीचा १८ मे १९८० रोजी उद्रेक झाला. त्यात ५७ व्यक्ती मरण पावल्या व सुमारे ६०० चौ.कि.मी. क्षेत्रातील वन भुईसपाट झाले वा होरपळले. प्रथमदर्शनी सारे काही संपल्यासारखे दिसत होते. प्रत्यक्षात बर्फाच्या थराखाली दबलेली रोपे, बिळांत राहणारे गोफरसारखे कृंतक प्राणी, बर्फाच्छादित तळ्यांतील उभयचर, मृत वृक्षांचे ओंडके आणि मातीतील कवके हा वारसा उरला होता. गोफरांनी बिळे खणताना खालची सुपीक माती राखेवर आणून टाकली आणि त्या मातीत बिया रुजल्या. जेथे पूर्वीची माती उरली नव्हती, अशा प्युमिस दगडांच्या मैदानावर ल्युपिन ही शिंबावर्गीय वनस्पती आधी रुजली. मुळांवरील गाठींतील जिवाणूंच्या साहाय्याने ती हवेतील नायट्रोजन वापरू शकते. तिच्या पालापाचोळ्याने माती समृद्ध झाली. परंतु प्रारंभी तिच्या दाट ताटव्यांत इतर वनस्पतींना वाव कमी होता. एकच जाती एका टप्प्यावर अवरोधक व दुसऱ्या टप्प्यावर साहाय्यक ठरते, असे येथे दिसून येते.

१९८२ मध्ये या परिसराचा मोठा भाग राष्ट्रीय ज्वालामुखी स्मारक म्हणून घोषित करून नैसर्गिक प्रक्रियेवर सोडण्यात आला. त्याबाहेरील खाजगी वनभूमीवर एकाच प्रकारच्या वृक्षांची व्यापारी लागवड झाली. लागवडीखालील भाग लवकर हिरवा झाला. त्याउलट स्मारकाच्या क्षेत्रात उघड्या जागा, झुडपे, तळी, मृत खोडे आणि विखुरलेले वृक्ष यांची सरमिसळ दीर्घकाळ टिकली व तिने विविध पक्षी, कीटक व उभयचरांना आश्रय दिला. हिरवेपणा आणि जैवविविधता हे समानार्थी शब्द नाहीत, हा या तुलनेचा अर्थ होय.

(ई) यलोस्टोन : १९८८ च्या उन्हाळ्यात यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे ३६ टक्के क्षेत्रात वणवा पसरला. प्रसारमाध्यमांतून उद्यान संपल्याचे चित्र रंगविले गेले. प्रत्यक्षात तेथील लॉजपोल पाइन वृक्षांची अनेक शंकुफळे राळेने घट्ट बंद असतात व आगीच्या उष्णतेनेच उघडतात. त्यामुळे राखेच्या भूमीवर पुढील काही वर्षांत रोपांची दाटी झाली. ज्या जीवसमुदायाचा इतिहासच अग्नीसोबत घडला आहे, त्याच्या दृष्टीने अग्नी ही आपत्ती नसून जीवनचक्राचा भाग असतो.

(उ) ब्रॉडबाल्क : इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे १८८२ मध्ये गव्हाच्या शेताचा सुमारे अर्धा एकर तुकडा कापणी न करता सोडून देण्यात आला. चार वर्षांत गहू जवळजवळ नाहीसा झाला. खुरटलेली मोजकी रोपे तेवढी उरली. माणसाने हजारो वर्षे जोपासलेले पीक माणसाच्या मदतीशिवाय रानवनस्पतींपुढे टिकू शकले नाही. त्या तुकड्याच्या एका भागाचे पुढे वन झाले. दुसऱ्या भागातील झुडपे नियमितपणे खणून काढण्यात आली, तेथे शाकीय वनस्पती राहिल्या. तर जेथे चराई व कापणी होत राहिली तेथे गवताळ जमीन टिकली. एकच माती, एकच हवामान व एकच प्रारंभबिंदू असूनही केवळ विक्षोभाच्या प्रकारावरून व वारंवारतेवरून तीन भिन्न समुदाय निर्माण झाले.

४. पुनरुत्थान म्हणजे नेमके काय?

'जंगल पुन्हा आले' असे आपण सहज म्हणतो. परंतु पुनरुत्थानाचे अनेक पैलू असून प्रत्येकाचा वेग वेगळा असतो. अमेरिका खंड व पश्चिम आफ्रिका यांच्या उष्ण कटिबंधातील ७७ स्थळांच्या अभ्यासावर आधारित एक महत्त्वाचा शोधनिबंध २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शेती वा चराई सोडून दिलेल्या जमिनीवर मातीची सुपीकता दहा वर्षांच्या आत, वनस्पतींची कार्यात्मक वैशिष्ट्ये पंचवीस वर्षांच्या आत, वनाची रचना २५ ते ६० वर्षांत, तर मूळची जातीरचना मात्र १२० वर्षांहून अधिक काळानंतर पूर्वपदावर येते, असे त्यात आढळले. वीस वर्षांत वन सरासरीने जुन्या वनाच्या ७८ टक्क्यांपर्यंत पोहोचते.

या आकडेवारीतून दोन निष्कर्ष निघतात व ते परस्परपूरक आहेत. एक, नैसर्गिक पुनर्निर्मिती ही अत्यंत समर्थ व अल्पखर्चिक प्रक्रिया आहे. दोन, जुने वन तोडून त्याच्या बदल्यात नवे वन उभारण्याचे आश्वासन जातीरचनेच्या बाबतीत एका मानवी आयुष्यात पूर्ण होऊ शकत नाही. म्हणूनच देवरायांचे महत्त्व अनन्यसाधारण आहे. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल वैज्ञानिक जगाच्या निदर्शनास आणून दिले. श्रद्धेपोटी राखलेली ही लहान वने दुर्मीळ जातींचे आश्रयस्थान तर आहेतच; शिवाय सभोवतालच्या तोडलेल्या रानास बिया पुरविणारी ती केंद्रेही आहेत. बीजस्रोत नष्ट झाला तर जमीन कितीही काळ राखली तरी मूळच्या जाती परतणार कोठून?

५. खुंटलेले अनुक्रमण व पर्यायी अवस्था :

विक्षोभाची तीव्रता व वारंवारता यांना महत्त्व आहे. कॉनेल यांनी १९७८ मध्ये, मध्यम प्रमाणातील विक्षोभाच्या ठिकाणी जातींची विविधता सर्वाधिक असते, असा सिद्धांत मांडला. सर्वच परिसंस्थांना तो लागू पडत नाही व त्यावर टीकाही झाली आहे. तथापि दोन विक्षोभांमधील कालावधी निर्णायक असतो, ही त्यातील मूळ दृष्टी उपयुक्त आहे. ईशान्य भारतातील झूम शेतीवर पी. एस. रामकृष्णन यांनी केलेले संशोधन येथे उल्लेखनीय आहे. झूमचे चक्र दीर्घ होते तेव्हा जमिनीवर पुन्हा बांबू व वृक्ष वाढून सुपीकता भरून येत असे. हे चक्र चार-पाच वर्षांवर आले तेव्हा अनुक्रमण तणांच्या टप्प्यावरच खुंटले. दोष स्थलांतरित शेतीच्या पद्धतीपेक्षा विश्रांतीचा काळ हरविण्यात होता.

सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ मध्ये 'लवचिकता' ही संकल्पना मांडली. एखादी परिसंस्था धक्का सोसून मूळ स्वरूपात राहू शकते. परंतु एका मर्यादेपलीकडे ती वेगळ्याच अवस्थेत जाते व धक्क्याचे कारण दूर केले तरी आपोआप परतत नाही. महाराष्ट्राच्या कोरड्या प्रदेशातील गवताळ रानांत याची खूण दिसते. चराई मर्यादित असेल तर शेडा, मारवेल, पवन्या यांसारखी बहुवार्षिक सकस गवते टिकतात. चराई अनिर्बंध झाली की त्यांची जागा कुसळीसारखी गवते घेतात व पुढे अल्पजीवी, निकृष्ट गवत व उघडी माती उरते. माती वाहून गेल्यानंतर केवळ चराईबंदी पुरेशी होत नाही. याउलट अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारसारख्या गावांनी चराईबंदी व कुऱ्हाडबंदीस मृदा व जलसंधारणाच्या कामांची जोड दिली. त्यामुळे निसर्गाच्या प्रक्रियेस आवश्यक तो आधार मिळाला.

६. माळरान : अपूर्ण जंगल की स्वतंत्र परिसंस्था?

आता लेखाच्या प्रारंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे वळू. अनुक्रमणाच्या जुन्या आकलनात गवत ही पायरी आणि वन हे शिखर मानले जाई. परिणामी गवताळ जमीन म्हणजे ऱ्हास पावलेले जंगल, असा समज प्रशासनात व समाजातही रुजला. महसुली परिभाषेत तिची गणना 'पडीक' म्हणून होऊ लागली. वास्तविक प्रत्येक ठिकाणी वन हेच अंतिम रूप नसते. साताऱ्याजवळील कासच्या पठारावर जांभ्या दगडावरील मातीचा थर इतका अल्प आहे की तेथे वृक्षांऐवजी ऋतुमानानुसार बहरणाऱ्या लहान वनस्पतींचा समृद्ध समुदाय नांदतो. तेथील फुले ही जंगलाची पूर्वतयारी नाही. तो समुदाय स्वयंपूर्ण आहे.

दख्खनच्या कमी पावसाच्या माळरानांविषयीही असेच म्हणावे लागते. या संदर्भात आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांचा २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास बहुविद्याशाखीय दृष्टीचा उत्तम नमुना आहे. त्यांनी जुन्या मराठी साहित्यातील व मौखिक परंपरेतील वनस्पतींचे उल्लेख तपासून, पश्चिम महाराष्ट्रातील विरळ वृक्षांची गवताळ राने किमान ७५० वर्षांपासून अस्तित्वात असल्याचे दाखविले. म्हणजेच ती अलीकडच्या वृक्षतोडीने निर्माण झालेली नाहीत. मराठीच्या प्राध्यापकाने शिकवावयाच्या ओवीत परिस्थितिवैज्ञानिकास पुरावा सापडावा, ही बाब आपल्या सर्वच शाखांना अंतर्मुख करणारी आहे.

या रानांवर चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल यांसारखे वन्यजीव अवलंबून आहेत. माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूर व लगतच्या परिसरात अभयारण्य घोषित झाले; तरीही हा पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ नामशेष झाला आहे. मेंढपाळ धनगर समाजाची उपजीविकाही याच गवतावर उभी आहे. अशा जमिनीवर चर खणून दाटीवाटीने गिरिपुष्प, सुबाभूळ यांसारख्या परदेशी वृक्षांची लागवड केली, तर उघड्या रानातील जीवसमुदायाचा अधिवास नष्ट होतो. वृक्षलागवड हा तेथे उपाय न राहता स्वतःच विक्षोभ बनतो.

महाराष्ट्रात २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी व २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्षलागवडीची उद्दिष्टे ठेवण्यात आली होती. अशा मोहिमांत महाविद्यालयांचा सहभाग मोठा असतो आणि त्यामागील भावना निश्चितच स्तुत्य आहे. परंतु रोपांची संख्या हा यशाचा एकमेव निकष मानला की जागा कोणत्या प्रकारची आहे, हा प्रश्न मागे पडतो. वृक्ष लावण्यास सर्वांत सोपी जागा बहुधा उघडे माळरान असते व नेमकी तीच अनेकदा अयोग्य असते.

कोणत्याही जागेविषयी निर्णय घेण्यापूर्वी पुढील तीन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे :

१. येथे पूर्वी काय होते? जुने नकाशे, महसुली नोंदी, स्थळनामे, वृद्ध ग्रामस्थांच्या आठवणी व साहित्य यांतून याचे उत्तर शोधता येते.
२. आज येथे काय उरले आहे? जिवंत बुंधे, मातीतील बिया, गवतांचे प्रकार व जवळचा बीजस्रोत यांची पाहणी किमान एका पावसाळ्यात व एका उन्हाळ्यात करावी.
३. विक्षोभ थांबला आहे काय? वारंवार लागणारे वणवे, तोड वा अनिर्बंध चराई चालूच असेल, तर लावलेली रोपेही टिकणार नाहीत.

उत्तरांनुसार उपाय बदलतील. बुंधे व बीजस्रोत शिल्लक असलेल्या घाटमाथ्यावरील रानास केवळ संरक्षण पुरेसे ठरेल. माती व बीजस्रोत दोन्ही गमावलेल्या वनभूमीवर मृदासंधारण करून देशी जातींची लागवड आवश्यक ठरेल. मूळच्या माळरानास मात्र नियंत्रित चराई, परदेशी झुडपांचे निर्मूलन व मोकळेपणाचे जतन हवे.

निष्कर्ष :

१. अनुक्रमण ही दिशा असलेली प्रक्रिया असली, तरी तिचा शेवट पूर्वनिश्चित नसतो. वारसा, योगायोग व विक्षोभाचा इतिहास यांवर तो अवलंबून असतो.
२. पुनरुत्थानाच्या विविध पैलूंचा वेग भिन्न असतो; माती लवकर सुधारते, जातीरचना पूर्ववत होण्यास शतकाहून अधिक काळ लागू शकतो.
३. विक्षोभ हा सर्वत्र विनाशकारी नसतो. तथापि त्याची वारंवारता वाढल्यास अनुक्रमण खुंटते किंवा परिसंस्था वेगळ्या अवस्थेत जाते.
४. वन हे प्रत्येक भूमीचे अंतिम रूप नव्हे. माळराने व सडे या स्वतंत्र व प्राचीन परिसंस्था आहेत.
५. जागेचा इतिहास न तपासता केलेली वृक्षलागवड ही स्वतःच एक विक्षोभ ठरू शकते.

समारोप :

विक्षोभानंतर निसर्ग पुन्हा उभा राहतो, हे क्राकाटोआपासून ब्रॉडबाल्कपर्यंतच्या उदाहरणांवरून सिद्ध होते. मात्र तो उभा राहतो तो आपल्या अटींवर, आपल्या गतीने आणि उरलेल्या भांडवलावर. माणसाचे कर्तव्य हे भांडवल, म्हणजे माती, बीज व वेळ, शाबूत ठेवण्याचे आहे. महाविद्यालयांना यात विशेष भूमिका बजावता येईल. आपल्या परिसरातील एखादा लहानसा तुकडा राखून त्यावरील वनस्पती, पक्षी व कीटक यांची दरवर्षी नोंद ठेवणे, हे कोणत्याही विभागास अल्प खर्चात शक्य आहे. ब्रॉडबाल्कचा तुकडा केवळ अर्ध्या एकराचा होता. त्याचे मोल शंभरांहून अधिक वर्षांच्या सातत्यात आहे. विद्यार्थ्यांच्या तुकड्या येतील व जातील, प्राध्यापकही निवृत्त होतील. नोंदवही मात्र पुढे चालू राहिली पाहिजे. ती पाहून एखादा विद्यार्थी उघड्या माळाकडे बोट दाखवून 'येथे काही नाही' असे म्हणण्यापूर्वी खाली वाकून पाहील, तर या विषयाच्या अध्यापनाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.